हळद, आवळा, शेवगा, लिंबू: काय खायचं, काय चेहऱ्याला लावायचं आणि काय आजच बंद करायचं

प्रश्न बराच लांब होता, त्यातलं कामाचं तेवढं आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. वय २८, पुण्यात आयटीत नोकरी, वजन ५५ किलो, शाकाहारी. सप्टेंबरपासून केस मूठभर गळतायत, चेहरा निस्तेज दिसतो, गालावर पिंपल्सचे जुने डाग आहेत. उपाय म्हणून रोज हळदीच्या अर्काची एक कॅप्सूल (त्यात काळी मिरीचा अर्क पण आहे), एक चमचा मोरिंगा म्हणजे शेवग्याच्या पाल्याची पावडर, बाटलीतला आवळा ज्यूस, कोरफडीचं घरी कापलेलं पान मिक्सरमधून काढून, पालक-दुधी-पुदिना-लिंबू असा हिरवा ज्यूस आणि 'प्लांट कोलाजेन' नावाची पावडर, एवढं सगळं चालू आहे. आठवड्यातून तीनदा चेहऱ्याला हळद-बेसन-लिंबू. महिन्याला साडेतीन हजार जातात. विचारलंय की यातली कुठली नैसर्गिक द्रव्यं खरंच उपयोगी, किती घ्यायची आणि अजून काय ॲड करायचं. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, जूनच्या शेवटी डेंग्यू झाला होता.

मी २२ वर्षं सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझं उत्तर असं की ॲड काही करायचं नाही, तीन गोष्टी आजच बंद करायच्या, आणि बाकीचं जे पावडरीत आणि बाटलीत शोधताय ते स्वयंपाकघरात कसं करायचं ते बघायचं. भाज्याफळांमधली द्रव्यं काम करत नाहीत असं माझं अजिबात म्हणणं नाही, करतात, मी रोज बघते. पण द्रव्य झाडात किती आहे याच्यापेक्षा ते पोटातून रक्तात किती उतरतं हे महत्त्वाचं, आणि ते ठरतं विळीवर, खलबत्त्यात, फोडणीत आणि जेवणाबरोबर तुम्ही काय पिता त्यावर.

पहिली बंद करायची गोष्ट म्हणजे हळदीची कॅप्सूल. हे सांगताना मला जड जातं कारण हळद आमच्या गावाचं पीक आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखालची हळदीची पेवं आहेत, कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, म्हणजे हळदीविरुद्ध बोलायची मला काही हौस नाही. पण हिशोब बघा. साध्या हळद पावडरीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य, साधारण ३ टक्के असतं. घरात दिवसभराच्या भाजी-आमटीत माणशी एक-दोन ग्रॅम हळद जाते म्हणजे तीस ते साठ मिलिग्रॅम कर्क्युमिन. तुमच्या कॅप्सूलवर लिहिलंय ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के अर्क. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळपास पंधरा-सोळा ग्रॅम हळदीचं कर्क्युमिन, चहाचे पाच भरलेले चमचे. जागतिक पातळीवर अन्नातल्या रंगद्रव्यांची मर्यादा ठरवणारी जी तज्ज्ञ समिती आहे तिने कर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे, ५५ किलोला १६५ होतात. तुम्ही त्याच्या जवळपास तिप्पट घेताय, आणि वर मिरीचा अर्क.

मिरीची गोष्ट सगळे सांगतात, अर्धी सांगतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं तर कर्क्युमिन रक्तात वीसपट मिळतं. खरं आहे. पण ते का होतं? कर्क्युमिन आत आलं की आतडं आणि लिव्हर त्याला लगेच बांधून बाहेर टाकतात, पायपेरिन ती बाहेर टाकायची यंत्रणाच थोडा वेळ मंद करतं. मग ती यंत्रणा दुसऱ्या औषधांसाठीही मंद होते, फिटच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी पायपेरिनने वाढते हे माहीत आहे. आमटीत चार मिरे टाकले तर काही बिघडत नाही, इथे आपण अर्काबद्दल बोलतोय.

आणि लिव्हर. इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर कावीळ झाल्याच्या केसेस आल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशा बाटल्यांवर इशारा छापायला लावला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लिव्हर तज्ज्ञांच्या एका गटाने दहा केसेस मांडल्या, त्यातल्या सातजणांत एक ठरावीक आनुवंशिक खूण सापडली आणि एकाचा मृत्यू झाला. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल हे आधी कळत नाही. माझ्याकडे गुडघेदुखीसाठी अशी कॅप्सूल तीन महिने घेतलेल्या एक ताई आल्या होत्या, वजन कमी करायला म्हणून आल्या, मी सहज विचारलं लघवीचा रंग कसा आहे, तर म्हणाल्या कोऱ्या चहासारखा, आठ दिवस झाले, पाणी कमी पितेय म्हणून असेल. डोळे बघितले तर पिवळे. एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावल्याचं रक्तातलं माप, हजाराच्या वर निघालं. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, दोन महिन्यांत नॉर्मलला आलं. घरात तोपर्यंत कुणाला वाटलंच नव्हतं की हळदीने असं होईल, कारण हळद म्हणजे आपलीच. तुम्हाला तर जूनमध्ये डेंग्यू होऊन गेलाय, डेंग्यूत लिव्हरला बऱ्याचदा सूज येते, त्याच्यावर लगेच हा अर्क नको. बंद करा आणि एकदा लिव्हरची टेस्ट करून घ्या.

मग हळद खायची कशी? जशी आपण खातोच तशी, फक्त नीट. एक छोटा प्रयोग करून बघा, एका काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर हळद टाका, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा, हळद तळाला बसते. आता पळीत चमचाभर तेल कोमट करून त्यात चिमूटभर टाका, तेल लगेच सोनेरी होतं. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलातुपात विरघळतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात हळद पिण्यापेक्षा फोडणीतली हळद जास्त कामाची, दुधात घ्यायची तर सायीच्या दुधात आणि अर्धा चमचा तूप घालून. फोडणीत पण हळद शेवटी टाकायची, मोहरी-जिरं तडतडलं, गॅस बारीक केला, मग हळद आणि लगेच भाजी, करपली तर द्रव्यही गेलं आणि चवही.

हळदीचा अजून एक गुण कपड्यांवरून कळतो. आमटीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो, सगळ्यांनी बघितलंय. कर्क्युमिन अल्कलीत गेलं की लाल होतं, पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करत ते याच्यावरच. आणि तोच डाग उन्हात दोन दिवस ठेवला की फिका पडतो, कारण उजेडाने कर्क्युमिन मोडतं. म्हणजे ओट्यावर खिडकीजवळ काचेच्या बरणीत वर्षाची हळद ठेवली तर डिसेंबरपर्यंत नुसता पिवळा भुसा उरतो. स्टीलच्या डब्यात, अंधारात, आणि शक्य असेल तर हळकुंडं आणून दोन-तीन महिन्यांची एकावेळी दळून आणा. सुट्टी फार भडक पिवळी हळद घेऊ नका, रंग उठावा म्हणून त्यात लेड क्रोमेटसारखे विषारी रंग मिसळल्याचे प्रकार उघड झालेत, हळकुंड घेतलं तरी पॉलिश फार चकचकीत नसलेलं घ्या.

(हळदीने जखम भरते हे आपल्याला आजीपासून माहीत आहे पण अमेरिकेत १९९५ मध्ये त्याचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. मला त्याचा आजही अभिमान वाटतो, आणि म्हणूनच त्याच हळदीचा असा वाट्टेल तसा डोस घेतलेला बघवत नाही.)

दुसरी बंद करायची गोष्ट, चेहऱ्याला लिंबू. हे कृपा करून आजपासूनच. आपल्याकडचं कागदी लिंबू, त्याच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं की कातडी आतून भाजते. लगेच काही दिसत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, काहींना फोड येतात, आणि मग तपकिरी डाग राहतो तो काही आठवडे, कधी काही महिने जात नाही. एक मुलगी लग्नाच्या पंधरा दिवस आधी माझ्याकडे आली होती, हनुवटीपासून मानेपर्यंत ओघळाच्या आकाराचे तपकिरी पट्टे. रस जिथून वाहिला तिथेच पट्टा. तिने रविवारी सकाळी लिंबू-मध लावून गच्चीवर केस वाळवले होते एवढंच. मी तिला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आहारातून त्याला काही करता येणार नव्हतं. तुमच्या गालावरचे डाग सप्टेंबरपासून गडद झालेत असं तुम्ही लिहिलंय, मला दाट शंका आहे की त्यातले निदान काही लिंबाचे आहेत. शिवाय लिंबाचा रस इतका आंबट असतो की कातडीचा स्वतःचा जो सौम्य आंबटपणा असतो त्याच्यापेक्षा तो शेकडो पटीने तीव्र, रोज लावला तर कातडीचं वरचं अस्तरच दुखावतं. नुसतं बेसन आणि दूध लावा, हवी तर चिमूटभर हळद घाला, पाच-सात मिनिटांत धुवा, घासू नका. लसूण पिंपलवर चोळायचा व्हिडिओ फिरतोय तो पण करू नका, लसणाने कातडी अक्षरशः भाजते.

लिंबाची जागा पोह्यांवर आहे. आणि नव्याने येणाऱ्या केसांना जे लोह लागतं त्याचं बरंचसं उत्तर तिथेच आहे, त्याकडे येते, आधी तिसरी बंद करायची गोष्ट सांगते.

दुधीचा कच्चा ज्यूस. आमची आजी दुधी, काकडी, दोडका चिरायला घेतला की देठाकडची एक चकती कापून जिभेला लावायची, कडू लागली तर सगळा दुधी गाईलाही न घालता सरळ उकिरड्यावर. मी लहानपणी विचारायचे गाईला का नाही, तर म्हणायची "तिला काय जीव नाही का". त्या कडूपणाचं नाव कुकुर्बिटासिन. झाड स्वतःला वाचवायला ते तयार करतं, एखाद्या वेलीवर उन्हाने पाण्याने ताण आला की जास्त होतं, आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्ताच्या उलट्या, बीपी एकदम खाली जाणं असं होऊन लोक दगावलेत, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमून स्पष्ट सांगितलं की कडू लागला तर घोटभर सुद्धा पिऊ नका आणि चव घेतल्याशिवाय ज्यूस करू नका. तुमच्या ज्यूसमध्ये पालक, पुदिना आणि लिंबू एकत्र आहे, म्हणजे कडूपणा कळायची जी एकच सोय होती ती झाकली गेली. दुधी खायचा तर भाजी करा, थालीपीठात किसून घाला, पण आधी चकती चाखा. कच्च्या पालकाचा रोज ग्लासभर रस पण नको, त्यात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ज्यांना खड्याची प्रवृत्ती आहे त्यांना त्रास होतो. अळूचं फदफदं आपण चिंच घातल्याशिवाय करत नाही, कच्चं अळू घशाला खाजतं ते याच ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कणांनी.

कोरफडीबद्दल एवढंच, पान कापल्यावर हिरव्या सालीखालून जो पिवळा चीक गळतो त्यात अलोइन असतं, ते जुलाबाचं औषध आहे, रोज पोटात गेलं तर पोट बिघडून पोटॅशियम कमी होतं. पान अख्खं मिक्सरला लावत असाल तर ते सगळं पोटात जातंय. आतला स्वच्छ गर चेहऱ्याला लावा, थंडावा येतो, प्यायची गरज नाही.

आता केस, आवळा आणि लोह, हे एकत्रच बघावं लागेल. शाकाहारी जेवणातलं लोह शरीर फार थोडं घेतं. आपल्याकडे आयसीएमआरने बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं धरलंय ते म्हणूनच. त्या लोहाबरोबर त्याच घासाला सी जीवनसत्त्व असेल तर ते जास्त उतरतं, आणि त्याच वेळी चहा असेल तर निम्म्याहून जास्त अडकून राहतं कारण चहातले टॅनिन त्याला धरून बसतात. आता आपला नाश्ता बघा, शंभर ग्रॅम पोह्यांत साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह, वर लिंबू पिळायची रीत, कोथिंबीर, इतकं सुंदर कॉम्बिनेशन, आणि त्याच्याबरोबर कपभर चहा. लिंबाने दिलं ते चहाने काढून घेतलं. चहा सोडा म्हणत नाही, मला स्वतःला सोडता येणार नाही, पण खाण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्या. माझ्याकडे हिमोग्लोबिन दहावर अडकलेल्या कितीतरी मुलींना गोळीबरोबर फक्त हा एक बदल सांगितला आणि पुढच्या तीन महिन्यांत आकडा हलला. आणि लिंबू पोहे गॅसवर असताना नका पिळू, ताटात वाढल्यावर पिळा, सी जीवनसत्त्व उष्णतेने जातं.

आवळ्याचं असं की शंभर ग्रॅममध्ये सी जीवनसत्त्व साधारण २५० मिलिग्रॅम, हे आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातलं. जुन्या तक्त्यांत ६०० लिहिलंय तोच आकडा अजून सगळीकडे फिरतो. बाईची रोजची गरज ६५. म्हणजे एक मध्यम आवळा झाला की काम झालं. आणि पेरू त्याच्या फार मागे नाही, शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर, संत्रं मात्र चाळीस-पन्नासच. थंडीत आवळा किसून मीठ-जिरं लावून जेवणात घ्या, आवळ्याचं लोणचं, आवळ्याची चटणी खोबरं-मिरची-कोथिंबीर घालून कच्चीच वाटलेली, ती तर भाकरीबरोबर फार छान लागते. आवळा नसेल तेव्हा पेरू. बाटलीतल्या ज्यूसला पैसे घालायचे कारण नाही, आणि मोरावळ्यात साखर किती असते ते घरी केलेल्यांना माहीत आहे, तो आवडीने खा, औषध म्हणून नको. उकडून वाळवून सी कमी होतं, आवळ्यातले तुरट टॅनिन मात्र बऱ्यापैकी टिकतात, आवळासुपारीला जी चव येते ती त्यांचीच.

सी जीवनसत्त्व आणि त्वचेचा संबंध पण इथेच सांगते कारण ती 'प्लांट कोलाजेन' पावडर. झाडात कोलाजेन नसतंच, ते प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. तुमचं शरीर ते स्वतः बनवतं, त्याला लागतं प्रोटीन आणि सी जीवनसत्त्व, सी नसेल तर कोलाजेनचे धागे नीट पिळले जात नाहीत, पूर्वी खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते यानेच. म्हणजे महिन्याला ज्यावर सगळ्यात जास्त पैसे जातायत त्याच्या जागी वाटीभर मुगाची उसळ आणि अर्धा पेरू. तुम्हाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं, आणि तुम्ही दिवसभराचं जे जेवण लिहिलंय, सकाळी ज्यूस, दुपारी दोन पोळ्या-भाजी, रात्री सॅलड, त्यात मला तीसच्या वर काही दिसत नाही. केस म्हणजे जवळजवळ नुसतं प्रोटीनच, शरीराला कमी पडलं की ते पहिल्यांदा केसांचं काढून घेतं.

शेवग्याबद्दल लेबलवर जे लिहिलेलं असतं, पालकाच्या पंचवीस पट लोह वगैरे, ते वाळलेल्या पावडरीची ओल्या पालकाशी तुलना करून. ओल्याची ओल्याशी करा, शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला लोह साडेचार मिलिग्रॅम आणि पालकात तीन, एवढाच फरक. कॅल्शियममध्ये मात्र शेवगा खरंच भारी, ३१४ विरुद्ध ८२. पण एक चमचा पावडर म्हणजे ओला पाला जेमतेम मूठभर. त्यापेक्षा पाला मिळाला की भाजी करा, कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या करतात, सासर सावंतवाडीचं असल्यामुळे मला ती सवय लागली. कोवळा पाला, भरपूर ओलं खोबरं, लसूण, आणि झाकण न ठेवता परतायचा, झाकलं की कडवट होतो. पुण्यात पाला मिळत नसेल तर पावडर थालीपीठात घाला, ती चालेल, ती बंद करा असं मी म्हणत नाही.

त्याच भाजीत लसणाची एक गंमत आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन, म्हणजे लसणाचं ते उग्र वासाचं कामाचं द्रव्य, नसतंच, पाकळी ठेचली की आतली दोन वेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि ते तयार होतं, त्याला काही मिनिटं लागतात, आणि तेलात पडलं की तयार करणारं एन्झाइमच मरतं. म्हणून लसूण आधी ठेचून ठेवा, मग बाकीची भाजी निवडा-चिरा, दहा मिनिटांनी फोडणीला घ्या. काही जास्त कष्ट नाहीत, फक्त कामाचा क्रम बदलायचा.

चेहऱ्याच्या तेजासाठी मला सगळ्यात भरवसा रंगीत भाज्यांचा वाटतो, गाजर, लाल भोपळा, टोमॅटो, मेथी, पालेभाज्या. त्यातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन त्वचेच्या थरात जाऊन बसतं. इंग्लंडमध्ये वीस स्त्रियांवर केलेला एक छोटा अभ्यास २०११ मध्ये आला होता, त्यात रोज ५५ ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलातून बारा आठवडे दिली तर उन्हाने त्वचा लाल होणं कमी झालं. थोडंच कमी झालं, सनस्क्रीनची जागा ते घेत नाही. पण त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या, टोमॅटो शिजवलेला होता आणि बरोबर तेल होतं. ही द्रव्यं पेशीत घट्ट अडकलेली असतात, शिजवून सुटतात आणि तेलातूनच रक्तात जातात. बिनतेलाचं ड्रेसिंग घालून सॅलड खाल्लं तर कॅरोटीन जवळजवळ काहीच उतरत नाही हे पण तपासून झालेलं आहे. तुमचं रात्रीचं सॅलड असंच आहे, लिंबू आणि मीठ. त्याच्या जागी टोमॅटोचं सार करा, तुपाची जिऱ्याची फोडणी देऊन, गाजराची कोशिंबीर करा पण त्यावर दाण्याचं कूट आणि तेलाची फोडणी हवी. आपली कोशिंबीर ही सॅलडपेक्षा किती विचार करून केलेली गोष्ट आहे हे मला हे सगळं शिकल्यावर जास्त कळलं.

जवस खात असाल तर अख्खं खाऊ नका, ते तसंच बाहेर पडतं. भाजून, कुटून, लसूण-तिखट-मीठ घालून चटणी, आणि ती पंधरा दिवस पुरेल एवढीच करा कारण त्यातलं ओमेगा-थ्री तेल लवकर खवट होतं. मेथीचे दाणे रात्री भिजवून उसळीत घातले तरी चालतात, घामाला पाकासारखा वास आला तर घाबरू नका, मेथीतल्या एका द्रव्याचा तो वास आहे, बाळंतिणीच्या खोलीत येतो तोच.

लावायला काही हवंच असेल तर कोकमाचं तेल आणा, त्याला आमच्याकडे मुठेल म्हणतात. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून थिजताना मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, बोटांचे ठसे त्यावर तसेच राहतात, म्हणून मुठेल. त्यात स्टिअरिक आणि ओलिक ही दोनच मुख्य स्निग्ध आम्लं, ते चाळीसच्या जरा खाली वितळतं म्हणजे हवेत घट्ट आणि कातडीवर चोळलं की हळूहळू मऊ. भेगांना, कोरड्या ओठांना, थंडीत उललेल्या गालांना याच्यासारखं दुसरं काही मी बघितलेलं नाही. एक गोळा वर्षभर जातो. डाग जाणार नाहीत त्याने, कोरडेपणा जाईल.

आता तुमची शेवटची ओळ. जूनच्या शेवटी डेंग्यू, केस गळायला सुरुवात सप्टेंबरमध्ये. मोठा ताप आला की डोक्यावरचे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तारखा अगदी जुळतात. म्हणजे हे गळणं तुमच्या आत्ताच्या खाण्यात कुठलं तरी द्रव्य कमी पडल्यामुळे सुरू झालेलं नाही, ते तापाचं आहे, आणि असं गळणं बहुतेकवेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं, मुळं शाबूत असतात, केस परत येतात. खाण्याचं काम एवढंच की परत येणाऱ्या केसांना प्रोटीन आणि लोह मिळायला हवं. म्हणून सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-ट्वेल्व्ह, डी आणि लिव्हरची टेस्ट करा. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, अशी एखादी चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकीचे येतात. फेरिटिन कमी आलं तर लोहाची गोळी डॉक्टर देतील, ती नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि तेव्हा चहा नको. कपाळाजवळ आणि भांगात बोटभर आखूड, ताठ उभे राहणारे केस दिसायला लागले की समजा नवीन यायला लागलेत, विंचरताना ते बसत नाहीत, तेल लावून दाबू नका त्यांना.